निदानानंतरची नोकरी : 1948 ते 2017

रोगाच्या निदानाला उर्दूत ‘तश्खीस’ म्हणतात. हा शब्द ‘शख्स’ म्हणजे व्यक्ती या शब्दाच्या घराण्यातला आहे. वर्गात हे सांगताना मला नेहमी वाटते की प्रत्यक्ष व्यवहारात नेमके उलटे घडते. तपासणीचा कागद हाती आला की मालकाला समोरची व्यक्ती दिसेनाशी होते, फक्त आजार दिसतो. नोकरदाराच्या हक्कांचा हा इतिहास याच ठिकाणी तपासावा लागतो.

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली सादर केली. तिच्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेला आरंभ झाला. या कायद्याचे कलम 73 फार मोलाचे होते. कामगार आजारपणाचा भत्ता घेत असेल, उपचाराखाली असेल किंवा रीतसर दाखल्यावर गैरहजर असेल, तर त्या मुदतीत त्याला काढू नये वा शिक्षा करू नये, असे ते सांगत होते.

पण पळवाट लवकरच सापडली. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतील व्यंकटय्या या कामगाराने रजेनंतर परत न येण्याचे कारण आजारपण सांगितले आणि डॉक्टरचा दाखलाही दिला. सलग आठ दिवस बिनरजेची गैरहजेरी म्हणजे नोकरी सोडली, असे गिरणीचे स्थायी आदेश होते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली गिरणीच्या बाजूने निकाल दिला. कलम 73 शिक्षेपासून वाचवते. स्थायी आदेशान्वये आपोआप संपलेली नोकरी ही शिक्षा नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या अक्षराला धरून तो बरोबर असेलही. ज्याची रोजी गेली त्याला हा फरक कसा समजावून सांगायचा, हे मला आजही उमगलेले नाही.

पुढे एचआयव्हीचा काळ आला. गोव्यात 1989 साली रक्तदानानंतर बाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली 64 दिवस एकांतात ठेवले गेले. त्याची आई लुसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण अलग ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैधच ठरवली. डॉमिनिक 1992 साली वारला.

त्याच उच्च न्यायालयाने 1997 साली अगदी वेगळा सूर लावला. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी मजुरी करणाऱ्या माणसाला वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला. अंगाने तो धडधाकट होता, काम करू शकत होता. तरी त्याला बाद केले. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवू दिले, म्हणून निकालात तो ‘एमएक्स’ आणि महामंडळ ‘झेडवाय’ आहे. ही सवलत किरकोळ समजू नये. नाव उघड करावे लागले असते तर असे किती जण दरवाजापर्यंत आले असते?

न्यायालयाने विचारलेले प्रश्न साधे होते. हा माणूस नेमून दिलेले काम करू शकतो का? त्याच्यापासून सहकाऱ्यांना खरा धोका आहे का? पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर केवळ बाधा आहे म्हणून नोकरी नाकारणे हा राज्यघटनेच्या 14 व 21 व्या अनुच्छेदांचा भंग होतो. माणूस निवृत्तीपर्यंत पुरी सेवा बजावेल अशी खात्री असेल तरच घेऊ, अशी निष्ठुर भूमिका सरकार आणि सार्वजनिक महामंडळांना घेता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. मजुराचे नाव पुन्हा यादीत घालण्याचा आणि बुडालेल्या मजुरीपोटी 40,000 रुपये देण्याचा आदेश झाला.

या निकालाला एक मर्यादा होती. अनुच्छेद 14 ची जबाबदारी शासनावर आणि शासकीय संस्थांवर येते, खाजगी मालकावर नाही. ती उणीव एचआयव्हीपुरती 2017 च्या कायद्याने भरून काढली. तो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. नोकरीसाठी चाचणीची अट घालण्यास आणि नोकरीत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. विमाही मनास येईल तसा नाकारता येत नाही, आकडेशास्त्रीय आधार दाखवावा लागतो. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्याच्या लोकपालाने 30 दिवसांत, वैद्यकीय निकड असल्यास 24 तासांत आदेश द्यायचा आहे. आपल्यापैकी अनेकांची महाविद्यालये या संख्येत बसतात. तेथे असा अधिकारी नेमला आहे का, हे प्राचार्यांना विचारायला हरकत नाही.

कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा विकार निघाला तर असा स्वतंत्र कायदा नाही. सेवेत असताना अपंगत्व आल्यास शासकीय आस्थापनेला नोकरीवरून काढता येत नाही. 1995 च्या कायद्यातले हे संरक्षण 2016 च्या कायद्यातही कायम राहिले. राज्य विम्यात दीर्घ आजारांसाठी वाढीव भत्ता ठेवला गेला, पण तो विमाधारकालाच मिळणार. त्या 1948 च्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची नावे कोणत्या हजेरीपटावर आहेत आणि त्यांची विम्याची वर्गणी भरली जाते की नाही, यावरच त्यांना यातले काय लागू होईल ते ठरते.