आइस हॉकी, व्यावसायिक
गोठविलेल्या क्रीडांगणावर, पोलादी पात्यांचे बूट (स्केट) घालून दोन संघांत खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे धंदेवाईक स्वरूप. भारतीय वाचकास परिचित असलेली हॉकी ती मैदानी हॉकी होय. कॅनडात मात्र नुसता ‘हॉकी’ हा शब्द बर्फावरील खेळाचाच वाचक आहे. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एकाच वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी २·५ सेंमी. जाडीची व सु. ७·६ सेंमी. व्यासाची कठीण रबरी चकती (पक) वापरतात. सामना प्रत्येकी वीस मिनिटांच्या तीन डावांचा असतो. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलता येतात. त्यामुळे खेळाची गती शेवटपर्यंत टिकून राहते. प्रतिपक्षाच्या खेळाडूस अंगाने धडक देणे नियमांत बसते. या खेळाचे आकर्षण आणि त्यातील धोका ही दोन्ही येथूनच उद्‌भवतात.

बंदिस्त जागेतील पहिला संघटित सामना माँट्रिऑल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक येथे ३ मार्च १८७५ रोजी झाला. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये देऊ केलेला करंडक प्रथम हौशी संघांसाठी होता. १८९३ मध्ये तो माँट्रिऑलच्या संघास पहिल्यांदा देण्यात आला. तथापि प्रेक्षक तिकीट काढून येऊ लागल्यावर चांगल्या खेळाडूस छुपे मानधन देण्याची प्रथा पडली. उघडपणे वेतन देणारा पहिला संघसमूह १९०४ मध्ये मिशिगनमधील खाणींच्या प्रदेशात निर्माण झाला. त्यानंतर १९०९ मध्ये नॅशनल हॉकी असोसिएशन स्थापन झाली व त्याच वर्षी फ्रेंच भाषिक प्रेक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून माँट्रिऑल कॅनेडियन्स हा संघ उभारण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावर लेस्टर व फ्रँक पॅट्रिक या बंधूंनी १९११ मध्ये स्वतंत्र संघसमूह काढून कृत्रिम बर्फाची क्रीडागृहे बांधली. खेळातील अनेक नियम त्यांच्याच प्रयोगांतून आलेले आहेत. नॅशनल हॉकी लीगची स्थापना माँट्रिऑल येथे २६ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली. १९१९ ची स्टॅन्ली करंडकाची अंतिम फेरी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीमुळे सिॲटल येथे अर्धवट सोडावी लागली व माँट्रिऑलचा खेळाडू जो हॉल तीत दगावला. १९२४ मध्ये बॉस्टन हा अ.सं.सं.मधील पहिला संघ लीगमध्ये आला. पश्चिमेकडील संघसमूह मोडल्यानंतर १९२६-२७ पासून करंडकासाठी केवळ याच लीगचे संघ खेळू लागले.

आर्थिक मंदी व दुसरे महायुद्ध यांच्या तडाख्यात अनेक संघ बंद पडले. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत माँट्रिऑल, टोराँटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डिट्रॉइट व शिकागो असे सहाच संघ उरले. जुन्या चाहत्यांच्या स्मृतीतील सुवर्णकाळ तो हाच. संघ थोडे असल्याने प्रत्येक खेळाडू चेहऱ्याने ओळखीचा होता, आणि फॉस्टर ह्यूइट याची नभोवाणीवरील वर्णने शनिवारी रात्री कॅनडातील दूरवरच्या शेतघरांत ऐकली जात. १९५२ पासून दूरचित्रवाणीची त्यांत भर पडली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर खेळणारा मुलगा आणि हे दूरचे खेळाडू यांच्यात या आवाजाने जे नाते जोडले, त्यावरच या धंद्याची पुढील इमारत उभी राहिली.

या नात्याची खोली १९५५ मध्ये दिसून आली. कॅनेडियन्सचा मोरीस रिशार याने १९४४-४५ च्या मोसमात पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले होते व फ्रेंच भाषिक क्वीबेकचा तो मानबिंदू ठरला होता. १३ मार्च १९५५ रोजी बॉस्टन येथील सामन्यात झालेल्या हाणामारीत त्याने एका पंचास मारले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कँबेल यांनी त्यास उरलेल्या मोसमातून व करंडकाच्या सामन्यांतून बाद केले. १७ मार्च रोजी कँबेल स्वतः माँट्रिऑलच्या फोरम क्रीडागृहात सामना पाहण्यास आले असता प्रेक्षक खवळले, अश्रुधूर पसरला, सामना डिट्रॉइटला बहाल करण्यात आला आणि बाहेरील रस्त्यावर दंगल व लूटमार झाली. दुसऱ्या दिवशी रिशारनेच नभोवाणीवरून शांततेचे आवाहन केले. त्या मोसमातील सर्वाधिक गुणांचा मान त्याचाच सहखेळाडू बर्नी जेफ्रियाँ याने एका गुणाने मिळविला, तेव्हा माँट्रिऑलच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. शिक्षा नियमास धरून होती, असे म्हणता येईल. पण इंग्रजी भाषिक अधिकाऱ्याने फ्रेंच भाषिक नायकास दिलेली शिक्षा म्हणूनच ती पाहिली गेली. १९६० नंतर क्वीबेकमध्ये झालेल्या सामाजिक परिवर्तनाची पूर्वसूचना काही इतिहासकारांना या दंगलीत दिसते. फोरममधील अखेरच्या सामन्याच्या वेळी, ११ मार्च १९९६ रोजी, वृद्ध रिशार पुढे येताच प्रेक्षकांनी कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्यांचा गजर केला. २००० मध्ये तो वारला तेव्हा क्वीबेकने त्यास शासकीय इतमामाने निरोप दिला.

या सुवर्णकाळाची दुसरी बाजू प्रेक्षकांना फारशी दिसत नव्हती. खेळाडू कराराने एकाच मालकाशी बांधलेला असे. त्याचे वेतन मालक ठरवी व त्यास न विचारता दुसऱ्या संघास देऊन टाकी. डिट्रॉइटच्या टेड लिंडसे याने १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी त्याची शिकागोला रवानगी झाली व संघटना लवकरच मोडली. टिकाऊ संघटना १९६७ मध्ये झाली. परंतु तिचा प्रमुख ॲलन ईगलसन हाच पुढे, १९९८ मध्ये, फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला. शरीराची सुरक्षितताही अशीच उशिरा आली. गोलरक्षक झाक प्लांत याने चेहऱ्यावर चकती लागल्यानंतर १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे मुखवटा घालूनच खेळण्याचा आग्रह धरला. १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टरटन डोक्यावर आपटून मृत्यू पावला. तरीही शिरस्त्राण नव्या खेळाडूंना सक्तीचे झाले ते १९७९ मध्ये.

१९६७ मध्ये लीगने संघांची संख्या सहावरून बारा केली. १९७२ मध्ये निघालेल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी संस्थेने बॉबी हल यास दहा लाख डॉलर देऊन विनिपेगकडे ओढले आणि खेळाडूंच्या वेतनाचे जुने गणित बदलले. त्याच वर्षी कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू व सोव्हिएट संघ यांच्यात आठ सामने झाले. सहज विजयाच्या अपेक्षेने उतरलेल्या कॅनडास मॉस्को येथील शेवटच्या सामन्यात, चौतीस सेकंद उरले असताना, पॉल हेंडरसनच्या गोलामुळे मालिका जिंकता आली. यूरोपातील खेळाडूंना पुढे लीगची दारे खुली झाली. रशियाच्या अलेक्झांडर ओव्हेचकिन याने ६ एप्रिल २०२५ रोजी वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला.

विस्ताराबरोबर संघाची मालकी कोणाची, हा प्रश्न तीव्र झाला. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने ग्रेट्स्कीस लॉस अँजेल्सला दिले, तेव्हा कॅनडाच्या संसदेतही त्याचे पडसाद उमटले. कॅनडातील संघांचे उत्पन्न कॅनडियन डॉलरांत व वेतनखर्च अमेरिकी डॉलरांत, असा विषम हिशेब होता. त्यामुळे क्वीबेकचा संघ १९९५ मध्ये कोलोरॅडोस गेला व पुढच्याच वर्षी त्याने करंडक जिंकला. विनिपेगमध्ये नागरिकांनी मोर्चे काढले, मुलांनी साठविलेली नाणी निधीस दिली. तरीही १९९६ मध्ये संघ ॲरिझोनास गेला. कायद्याने संघ मालकाचा होता. त्याच्या इतिहासाचे धनी मात्र आपणच, ही गावाची भावना होती. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आला, तेव्हा मोसमाची १३,००० तिकिटे काही दिवसांतच संपली. क्वीबेकला संघ परत मिळालेला नाही.

मालक व खेळाडू यांच्यातील वेतनमर्यादेच्या वादातून टाळेबंदी होऊन २००४-०५ चा संपूर्ण मोसम रद्द झाला व १९१९ नंतर प्रथमच करंडक दिला गेला नाही. तडजोडीनंतर प्रेक्षक मोठ्या संख्येने परतले. वाटाघाटीत ज्यांना स्थान नव्हते, त्यांच्याच निष्ठेवर दोन्ही पक्षांचा व्यवहार पुन्हा सुरू झाला. २०२१ पासून लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. स्त्रियांची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र १९९३ मध्ये माँट्रिऑलने जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडातील एकाही संघाला स्टॅन्ली करंडक मिळाला नाही. जुने चाहते याची खंत बाळगतात आणि तरीही दर हिवाळ्यात आपल्या जागी येऊन बसतात. मालक, खेळाडू व क्रीडागृहे बदलत गेली. या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो प्रेक्षकच होय.