कडगंचीच्या घराने जपलेली वेदना

राजाच्या आजारपणाची नोंद बखरीत होते आणि त्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याचे नावही कधी कधी मागे राहते. सामान्य माणसाच्या पोटात वर्षानुवर्षे उठणारी कळ मात्र त्याच्याबरोबरच लुप्त होते. त्यातही ज्या दुखण्याला कोणी नाव देऊ शकले नाही, त्याची आठवण ठेवणार कोण? पण अशा एका दुखण्याची आठवण एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि पुढे ती मराठीतील एका मोठ्या धर्मग्रंथात जाऊन बसली. ते कुटुंब कडगंचीचे.

कडगंची हे गाव कर्नाटकातील कलबुरगी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. 2009 साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्यापीठामुळे आज तेथे देशभरातील तरुणांची वर्दळ असते. दत्तभक्तांना मात्र हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे, ते सायंदेवामुळे. सायंदेव पंधराव्या शतकातला. हा प्रदेश त्या काळी बहमनी सुलतानांच्या अमलाखाली होता, आणि सायंदेव एका मुसलमान अधिकाऱ्याच्या पदरी चाकरीस होता. श्रीनृसिंह सरस्वतींचा तो शिष्य. त्याचा पुत्र नागनाथ, नागनाथाचा देवराव, देवरावाचा गंगाधर आणि गंगाधराचा पुत्र सरस्वती. याच पाचव्या पुरुषाने, घरात कानडी नांदत असता, मराठी ओवीत ‘गुरुचरित्र’ रचले.

या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात एका रोग्याची कथा आहे. प्रसंग गोदातीरावरील वासर ब्रह्मेश्वराचा. आज हे स्थान तेलंगणातील बासर म्हणून ओळखले जाते. पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण जीव नकोसा होऊन नदीकडे निघाला होता. अन्न पोटात गेले की असह्य कळा येत. म्हणून तो पंधरवड्यातून, महिन्यातून एखादे वेळी जेवी. ज्या अन्नावर प्राण जगायचा, ते अन्नच त्याचे वैरी झाले होते. स्वामींनी त्याला पाहिले, शिष्यांकरवी आपल्यापाशी आणवले, प्राणत्यागापासून परावृत्त केले आणि त्याची व्यथा विचारली.

इतक्यात सायंदेव तेथे आला. त्याने स्वामींना भिक्षेची विनंती केली. स्वामींनी या रोग्यालाही जेवू घालावयास सांगितले. सायंदेव कचरला. महिन्याने एकदा जेवणारा हा मनुष्य; अन्न खाऊन त्याचे काही बरेवाईट झाले, तर हत्येचे पातक आपल्या माथी येईल, हे भय त्याने बोलून दाखविले. अखेर गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने आणि त्याच्या पत्नीने, जाखाईने, सर्वांना भोजन घातले. रोगी पोटभर जेवला आणि त्याची व्यथा शमली, असे ग्रंथ सांगतो.

भाविक या कथेत गुरुकृपा पाहतात. त्या श्रद्धेला धक्का न लावताही या कथेकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहता येते. उडीद आणि दुधाचा तो आहार म्हणजे पोटशूळाचा उपाय, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. येथे मोलाचे आहे ते रोग्याच्या अवस्थेचे वर्णन. जेवणाचे भय, उपासाची सवय, आप्तेष्टांच्या पंक्तीतून आपोआप उठून जाणे आणि शेवटी जगण्याचाच वीट येणे, हा क्रम पाचशे वर्षांपूर्वी जसा होता तसाच आजही आढळतो. आणि सायंदेवाचे भयही तितकेच खरे आहे. अशा रोग्याच्या घरची माणसे त्याला काय वाढावे, किती आग्रह करावा, या शंकेत असतात आणि हळूहळू त्याला बोलावणेच टाळू लागतात.

त्या काळचे शास्त्र या दुखण्यांविषयी अजाण नव्हते. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात शूळाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अन्न पचत असताना उठणारा तो परिणामशूळ, आणि जेवणाशी वा उपवासाशी ठरावीक संबंध न ठेवता छळणारा तो अन्नद्रवशूळ, असा सूक्ष्म भेद तेथे केलेला आढळतो. मूत्रकृच्छ्र म्हणजे लघवी कष्टाने व वेदनेने होणे, मूत्राघात म्हणजे ती अडणे, आणि अश्मरी म्हणजे मुतखडा, यांचीही तेथे वेगळी प्रकरणे आहेत. सुश्रुताने तर मुतखड्याच्या शस्त्रकर्माचा विधी सांगितला. पण तो अखेरचा उपाय म्हणून, अधिपतीची अनुज्ञा घेऊनच. लक्षणांची पारख अशी बारकाईने झाली होती. परंतु जिवंत माणसाच्या आत डोकावण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

ही असहायता केवळ आपल्याकडची नव्हे. चार्ल्स डार्विन 1836 साली सागरप्रवासाहून परतला, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. लवकरच त्याच्या प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या. ओकाऱ्या, पोटातील वायू आणि ग्लानी यांनी त्याला उभे आयुष्य छळले. 1849 मध्ये तो डॉक्टर गली यांच्या जलोपचारांसाठी मॅल्व्हर्नला जाऊन राहिला. आपल्या दुखण्याची तो रोजनिशीही ठेवीत असे. इंग्लंडमधील नामांकित वैद्यांना त्याचा रोग ओळखता आला नाही, आणि पुढील संशोधकांनी सुचविलेल्या अनेक निदानांपैकी एकावरही आजतागायत एकमत झालेले नाही.

पुढे साधने आली. 1879 मध्ये माक्स निट्झे याने मूत्राशयाच्या आत पाहण्याची दुर्बीण पुढे आणली. 1895 मध्ये रॉंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. 1957 मध्ये बेसिल हिर्शोविट्झ याने जठर पाहणारी लवचीक दुर्बीण प्रथम वापरली. तरीही जठराच्या व्रणाचे खापर चिंता आणि तिखटजाळ खाण्यावरच फुटत राहिले. 1982 मध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियात जठरातील एक जंतू वेगळा करून वाढविला. 1984 मध्ये मार्शलने तो स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह होतो हे दाखविले, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘मनाला फार लावून घेतोस’ असे ज्यांना वर्षानुवर्षे ऐकवले गेले, त्यांपैकी कित्येकांच्या पोटात हा जंतू होता.

पोट आणि मूत्रमार्ग यांची दुखणी एकाच देहात एकत्र नांदतात, तेव्हा निदान अधिकच बिकट होते. आतडी आणि मूत्राशय यांचे मज्जातंतू ओटीपोटात जवळून जातात. एकाचा क्षोभ झाला की दुसऱ्यालाही कळ पोहोचते. जुनाट बद्धकोष्ठाने लघवीची तक्रार वाढते ती यामुळेही. आपल्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो. तो केवळ फुप्फुसांचा रोग नाही. ऐन तारुण्यात तो आतड्यांत आणि मूत्रपिंडांतही ठाण मांडतो. मूत्रपिंडाच्या क्षयात लघवीत पू आढळतो, पण नेहमीच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत, आणि अहवाल निर्दोष म्हणून रोगी घरी परततो. उलट काही विकारांत आतड्यांची रचना निकोप असते आणि चलनवलन तेवढे बिघडलेले असते. तेथे छायाचित्रात काहीच दिसत नाही.

अहवाल निर्दोष असणे म्हणजे वेदना खोटी असणे नव्हे. परंतु पंचविशीतल्या तरुणाला हे घरी पटवून देता येत नाही. ज्वर चढला तर अंगाला हात लावून कळतो. पोटातली कळ आणि घडोघडी लागणारी लघवी सांगावी लागते, आणि सांगताना मान खाली जाते. मग तो लग्नकार्य टाळतो, लांबचा प्रवास टाळतो, नोकरीच्या जागी मुतारी कोठे आहे हे आधी पाहून ठेवतो. लोक त्याला चोचला समजतात. हळूहळू तोही स्वतःला तसेच समजू लागतो. ज्याला सवड आणि पैसा आहे तो एका वैद्याकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याला नाही तो सोसत राहतो.

कडगंचीच्या घराने जपलेल्या कथेचा अर्थ येथे उमगतो. तीत रोगाचे निदान नाही. रोग्याला नावदेखील नाही. पण नदीकडे निघालेल्या त्या माणसाला कोणीतरी पाहिले, बोलावले, काय होते आहे ते विचारले आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर एका गृहस्थाने आपले भय बाजूला सारून त्याच्यासाठी पान मांडले. आज निदानाची साधने वाढली आहेत आणि त्यांचा लाभ वेळीच घेतला पाहिजे. अशा दुखण्यावर घरगुती तोडग्यांत वर्षे दवडणे धोक्याचे आहे. परंतु कोणतेही यंत्र प्रथम विचारपूस करीत नाही. ती माणसालाच करावी लागते. सायंदेवाच्या वंशजांनी आपल्या पूर्वजाची जी पुण्याई लिहून ठेवली, तीत एका आजारी पाहुण्याला वाढलेले हे पान आहे.