कासवाची काचपेटी

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत प्लॅस्टिकचं एक उथळ भांडं मिळत असे. भांड्याच्या मधोमध एक बेट, बेटावर चढायला उतरण, आणि टोकाला प्लॅस्टिकचंच हिरवं ताडाचं झाड. पाणी मावायचं एक-दोन पेले. त्याबरोबर तीन सेंटिमीटर लांबीचं कासवाचं पिल्लू आणि खाद्य म्हणून मुंग्यांचे वाळवलेले कोश. १९७०च्या सुमारास त्या देशात अशी दीड कोटीच्या आसपास पिल्लं दरवर्षी विकली जात, असा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी लुइझियाना राज्यातल्या कासवांच्या शेतांवर जन्मलेली असत. डोळ्यामागे लाल पट्टा असल्यामुळे त्यांना लाल कानाचं कासव म्हणतात. खरं म्हणजे कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच.

हे कासव नीट जपलं तर वीस-तीस वर्षं जगतं. मादी तर पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. भांड्यातली बहुतेक पिल्लं मात्र वर्षही पुरं करत नसत. कवच मऊ पडे, डोळे सुजून मिटत आणि एक दिवस पिल्लू हालेनासं होई. मग नवं पिल्लू आणलं जाई. ते परवडण्याजोगंच होतं.

त्या काळी कुणाला काही ठाऊकच नव्हतं म्हणून असं झालं का? तसं म्हणता येत नाही. कासव घरात जगवायला लागणाऱ्या मुख्य गोष्टी १९३०च्या आतच माहीत झालेल्या होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या ठिकाणी, बहुतेकदा कासवाचा विचारही मनात नसलेल्या माणसांनी शोधल्या होत्या.

सुरुवात पाण्यापासून करू. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. १८४९च्या सुमारास त्याने एका टाकीत दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, आणि पाणी न बदलताही दोघं जगतील, असा त्याचा हिशेब होता. काही दिवसांतच जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग वॉरिंग्टनने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, वर त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. १८५०मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्याआधी पाच वर्षं, म्हणजे १८४५मध्ये, ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचं त्या विषयावरचं पुस्तक आलं, आणि घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या.

‘संतुलित टाकी’ ही कल्पना इतकी देखणी आहे की आजही ती शाळेतल्या तक्त्यावर सापडते. पण कासव तिच्यात बसत नाही. ते फुप्फुसांनी हवेतला प्राणवायू घेतं, त्यामुळे वनस्पतीने पाण्यात सोडलेल्या प्राणवायूचा त्याला उपयोग नाही. उलट ती वनस्पतीच ते खाऊन टाकतं. आणि ते खातं भरपूर, म्हणून घाणही भरपूर करतं. त्याच्या मूत्रात अमोनिया आणि युरिया असतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात आणखी अमोनियाची भर पडते. तेव्हा प्रश्न आहे तो अमोनियाचं काय करायचं, हा.

त्याचं उत्तर पॅरिसच्या सांडपाण्यातून मिळालं. श्लोसिंग आणि म्यून्त्स या दोघांनी १८७७मध्ये एका लांब काचनळीत वाळू आणि चुनखडीचे कण भरले आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. पहिले सुमारे वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं आणि पुढे अमोनिया नाहीसा झाला. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवसांचा हा खंड कशामुळे? नळीत काहीतरी वाढत असलं पाहिजे. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तशी क्रिया थांबली. वाफ काढून टाकून थोडं मातीचं पाणी घातलं तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. हे काम जिवाणूंचं होतं. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. (गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे दुसरं काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू करतात, हे मात्र १९९८मध्ये कळलं. त्याआधी आम्ही सगळेच पुस्तकात वाचून नायट्रोबॅक्टरचं नाव घेत होतो.)

ती पॅरिसची नळी म्हणजेच आजच्या टाकीचा फिल्टर. नव्या टाकीत फिल्टर लावून पहिल्याच दिवशी कासव सोडलं की पाणी का नासतं, याचं उत्तर त्या वीस दिवसांत आहे. फिल्टर विकत मिळतो, पण त्यातले जिवाणू वाढायला वेळ द्यावा लागतो. आणि फिल्टरमधला स्पंज क्लोरीनच्या नळाखाली खसखसून धुतला की आपण क्लोरोफॉर्मचाच प्रयोग पुन्हा केलेला असतो. तो स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

आता प्रकाशाकडे वळू. इंग्लंडमधल्या सेलबोर्नचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८०मध्ये मावशी-आत्यांच्या पिढीतल्या एका नातलग बाईंकडून टिमोथी नावाचं कासव आलं. ते जमिनीवरचं कासव, बागेत हिंडे, उन्हात पडे. व्हाइट १७९३मध्ये वारले, टिमोथी पुढच्या वर्षापर्यंत जगलं. त्याचं कवच लंडनच्या संग्रहालयात आहे, आणि ते तपासल्यावर टिमोथी ही मादी होती असं निघालं! ही टिमोथी एवढी वर्षं जगली ती काही खास उपचारामुळे नव्हे, तर तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून.

छपराखाली काय होतं ते आधी माणसाच्या मुलांत दिसलं. धुरकट औद्योगिक शहरांत मुडदुसाने मुलांचे पाय वाकत. बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१८-१९च्या हिवाळ्यात मुडदूस झालेल्या चार मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश सोडला. दिव्याची नळी साध्या काचेची नसून क्वार्ट्झची होती, कारण साधी काच उपयोगी पडणारे अतिनील किरण अडवते. क्ष-किरण चित्रांत हाडं भरून येताना दिसली. त्यांनी एकाच हातावर प्रकाश टाकूनही पाहिलं, तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. हेच पुढे ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं.

कासवाचं कवच म्हणजे हाडच, वर नखासारख्या पदार्थाचं आवरण. बरगड्या आणि मणके त्यात जोडले गेलेले असतात. मुडदूस मुलाच्या पायात दिसतो, तसा कासवाच्या पाठीत दिसतो. खिडकीत ठेवलेल्या टाकीवर ऊन पडतं, पाणी तापतं, आणि काचेतून ते किरण मात्र आत येत नाहीत. उन्हाचा तोटा तेवढा मिळतो, फायदा नाही.

हे सगळं एकत्र बांधलं ते एका स्त्रीने. जोन प्रॉक्टर (१८९७–१९३१) यांना लहानपणापासून सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड. सोळाव्या वर्षी त्यांनी पाळलेली लहानशी मगर शाळेत गणिताच्या तासाला नेली होती. (त्या बाईंचं काय झालं असेल, याची कल्पना वाचक शिक्षकांनी करावी.) प्रकृती अतिशय नाजूक, त्यामुळे विद्यापीठात जाता आलं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करता करता त्या तज्ज्ञ झाल्या आणि १९२३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९२७मध्ये उघडलेलं तिथलं सर्पालय त्यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेलं आहे. पूर्ण इमारत एकसारखी न तापवता त्यांनी विजेने जागोजागी वेगवेगळी उष्णता दिली, म्हणजे प्राण्याला हवं तेव्हा ऊबेला आणि हवं तेव्हा गारव्याला जाता यावं. अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसवली. चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. पण उष्णतेचा चढउतार आणि अतिनील प्रकाश, ही दोन्ही उत्तरं लंडनला तिकीट काढून आत जाणाऱ्या कुणालाही १९२७पासून डोळ्यांनी पाहता येत होती.

आणि तरीही वीस-पंचवीस वर्षांनी दुकानात आलं ते ताडाचं झाड. भांड्यात फिल्टर नाही, दिवा नाही, उष्णता नाही. बेट ठेवलं होतं, म्हणजे कासवाला पाण्याबाहेर यायचं असतं एवढं बनवणाऱ्याला ठाऊक होतं. ते कशासाठी बाहेर येतं, हे विचारावंसं वाटलं नाही. माझ्या मते या गोष्टीतली खरी चीड आणणारी जागा ही आहे. खाद्याचंही तेच. नुसत्या वाळवलेल्या मुंग्यांच्या कोशांवर ठेवलेल्या पिल्लांचे डोळे सुजतात ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने, हे एल्कान आणि झ्वार्ट यांनी १९६७मध्ये ऊतींच्या तपासणीवरून दाखवलं. तोवर घरची मंडळी समजत होती, पिल्लू झोपलंय.

शेवटी भांडं बंद पडलं ते कासवांसाठी नव्हेच. १९६३मध्ये अमेरिकेत लहान मुलाच्या साल्मोनेला-संसर्गाचा माग प्रथमच घरातल्या कासवापर्यंत लागला. हे जिवाणू कासवाच्या आतड्यात राहतात आणि कासव मात्र ठणठणीत दिसतं. कोमट, घाणेरडं, पेलाभर पाणी म्हणजे त्यांना वाढवायचं माध्यमच. मुलं कासव हाताळत, तोंडातही घालत. घरची माणसं भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत धूत. १९७०-७१ साली त्या देशात कासवांमुळे वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार जणांना लागण झाली, म्हणजे साल्मोनेलाच्या एकूण रुग्णांपैकी १४ टक्के, असा हिशेब निघाला. १९७२मध्ये निर्जंतुक असल्याचा दाखला सक्तीचा केला. तो फोल ठरला, कारण कासव हे जिवाणू सतत नव्हे, अधूनमधून बाहेर टाकतं. आज तपासणीत काही सापडलं नाही म्हणून उद्या सापडणार नाही असं नाही. १९७५मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. चारच इंच का? तर त्याहून मोठं कासव मुलाच्या तोंडात मावत नाही!

या नियमाला शिक्षण आणि संशोधनाचा अपवाद होता, तसाच निर्यातीचाही. शेतं चालूच राहिली. अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकात बुडवण्याची पद्धत निघाली आणि त्यातून जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेलाही पुढे आढळले. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून या जातीची पाच कोटींहून अधिक कासवं बाहेर गेली. युरोपीय संघाने १९९७मध्ये आयात थांबवली, जपानने २०२३मध्ये विक्री आणि मोकळं सोडणं बंद केलं. कारण आता तिसरंच होतं: वाढलेलं कासव लोक तळ्यात सोडून देत आणि ते स्थानिक कासवांची जागा बळकावत असे.

आपल्याकडेही हे घडलं आहे. आसामात गुवाहाटीच्या देवळाच्या तळ्यात लाल कानाचं कासव सापडलं. केरळच्या वनसंशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवं गोळा करायला सुरुवात केली. देशी कासवं पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे, मग ते विहिरीत सापडलेलं असो की कुणी भेट दिलेलं. शाळेत असं कासव आलं तर वनखात्याला कळवायचं. शाळेपर्यंत येतं ते बहुधा परदेशी, घरात मोठं झालेलं आणि नकोसं झालेलं. ‘मुलांना बघायला’ म्हणून ते आणून दिलं जातं.

ते आलंच तर त्याला तळ्यात सोडायचं नाही. मग टाकी लागणार. पूर्ण वाढलेल्या कासवाला तीनशे-चारशे लिटरची टाकी मोठी नव्हे. फिल्टर मोठ्या माशांच्या टाकीला लागतो त्याहून दांडगा, आणि तरी दर आठवड्याला काही पाणी बदलावं लागतं, कारण नायट्रेट साठतच जातं. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस, आणि एका टोकाला पूर्ण कोरडं होता येईल असा ओटा, त्यावर ऊबेच्या दिव्याखाली ३० ते ३५ अंश. शेजारी अतिनील दिवा, मधे काच किंवा प्लॅस्टिक नको. हातांना साबण, आणि टाकीचं सामान मुलांच्या डब्यांपासून व पिण्याच्या पाण्यापासून दूर.

अतिनील दिव्याने या जातीच्या कासवांच्या रक्तातलं ‘ड’ जीवनसत्त्वाचं रूप खरोखर वाढतं, हे मोजमाप करून दाखवणारा प्रयोग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. हुल्डशिन्स्कींनंतर तब्बल ८७ वर्षांनी. या दिव्यांची एक खोड मात्र ठाऊक हवी. डोळ्यांना दिसणारा उजेड वर्षानुवर्षं तसाच राहतो, अतिनील किरण मात्र सहा महिने ते वर्षभरात फार कमी होतात. म्हणून नळीच्या टोकावर ती बसवल्याची तारीख पेनने लिहून ठेवावी.