टिटवीची अंडी आणि मृगाचा पाऊस

टिटवीने अंडी बांधावर उंच जागी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर बेताचा. कावळ्याने घरटे झाडाच्या मध्यावर बांधले तर साल बरे, शेंड्यावर बांधले तर ओढ. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की बियाणे बाहेर काढावे. महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांत चालत आलेले हे आडाखे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत तपासून पाहणे विशेष फलदायी आहे, कारण इथे पन्नास-साठ किलोमीटरांत पाऊस कमालीचा बदलतो. भीमाशंकर-आहुप्याच्या माथ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. पूर्वेला आणे पठारावर बाजरीपुरता पडला तरी साल निभावले म्हणायचे. हे आडाखे पक्ष्याला भविष्य सांगणारा जोशी मानतात. माझ्या मते पक्षी फार तर साक्षीदार आहे, आणि तोही झालेल्या पावसाचा.

पक्ष्यांची वीण पावसाशी बांधलेली आहे यात वाद नाही. प्रश्न आहे तो कोणत्या पावसाशी, आणि पावसाच्या कोणत्या टोकाशी. भीमाशंकरच्या रानात कुटुर्गा आणि रानकोंबडा यांचा मुख्य हंगाम आभाळ फुटण्याआधीचा. उन्हाळ्यात उंबर, वड पिकतात तेव्हा कुटुर्ग्याला पिलांच्या तोंडी घालायला फळे असतात. त्याच डोंगरात शीळ घालणारा कस्तूर उलट वागतो. ओढे भरून वाहू लागले की प्रवाहाशेजारच्या कपारीत तो घरटे करतो. खाली सपाटीवर सुगरण नराला विणण्यासाठी हिरव्या गवताच्या लांब पट्ट्या लागतात आणि पिलांना किडे; दोन्ही पावसानंतरच मिळतात. पाऊस-लावा आणि वटवटे यांचेही तसेच. गिधाडे तर पावसाळा पुरता ओसरल्यावर, हिवाळ्यात कड्यांवर अंडे घालतात. एकाच मुलखात कुणी पावसाच्या आधी वितो, कुणी पावसात, कुणी नंतर. मग येत्या पावसाची बातमी यांपैकी कुणाला असते? टिटवीची वीण मार्चपासूनच सुरू होते. उघड्या जमिनीवर चार अंडी, सुमारे चार आठवडे उबवणे. तिला जागा अशी हवी जिथून चहूकडचे दिसेल आणि जिथे नांगर फिरणार नाही. उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत अशी जागा बांधावर मिळाली, तर त्याचे श्रेय येत्या आषाढाला का द्यावे?

इथले पक्षी आणि हवामान लिहून ठेवणाऱ्यांपैकी पहिला मोठा माणूस कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि त्याने दख्खन पालथे घातले. १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. राखी वटवट्या, साधा वटवट्या आणि कड्याकपारींत घरटी करणारी काळसर भिंगरी यांना शास्त्रीय नावे त्यानेच दिली. १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानावर त्याचा निबंध आला, तर १८३७ मध्ये जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांवरचे लेखन. हवेचा दाब मोजणारा आणि पक्षी टिपणारा माणूस एकच असावा, हे या विषयाचे भाग्य. तरीही त्याने हवामान वेगळ्या निबंधात मांडले आणि पक्षी वेगळ्या यादीत. दोहोंचा सांधा जोडायचे काम पुढच्यांवर पडले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींवर विसंबायचे कसे? त्यांचे दौरे थंडीत आणि उन्हाळ्यात. पावसाळ्यात तंबू गुंडाळून मंडळी मुख्यालयी. म्हणजे घाटमाथ्यावरचा आषाढ त्यांनी फारसा पाहिलाच नाही. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मताला बळच देतो. ज्यांचा डोळा कोरड्या ऋतूकडे झुकलेला होता त्यांच्याही काळात सुगरण आणि वटवटे यांची वीण पावसाळी म्हणूनच नोंदली गेली. पुढे सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण करून १९३१ मध्ये ते छापले, तेही पावसाळ्यातलेच. दुसरा आक्षेप शास्त्राचा: पक्ष्यांची वीण दिवसाच्या लांबीवर ठरते. थंड प्रदेशांत हे मोठ्या प्रमाणावर खरे आहे. पण जुन्नरच्या अक्षांशावर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. उजेड महिना सुचवेल. आठवडा ठरवतो तो पाऊस, आणि त्यामागून येणारे गवत-किडे.

उत्तर ध्रुवाकडे पाहिले की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तिथे मृगाच्या जागी बर्फ वितळण्याचा दिवस असतो. २०१८ मध्ये ईशान्य ग्रीनलंडमधील झॅकेनबर्ग येथे बर्फ इतका उशिरापर्यंत राहिला की किनारपक्ष्यांसह बहुतेक प्राणी-वनस्पतींचे प्रजनन जवळजवळ बुडाले. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून तिथे पोहोचले होते. त्यांना पुढचे कळत असते तर ते आले नसते. ते मागच्या असंख्य वर्षांच्या सरासरीवर भरवसा ठेवून येतात, आणि एखादे साल सरासरी मोडते. आपल्या टिटवीचे याहून वेगळे काय? १८७६ आणि १९७२ च्या दुष्काळांपूर्वीच्या उन्हाळ्यातही तिने बांधांवर अंडी घातलीच असणार. गंमत अशी की माणसाने मान्सूनचे शास्त्रीय भाकीत करायला घेतले तेव्हा त्यानेही बर्फाचाच आधार घेतला: हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून पावसाचे अंदाज दिले. असे अंदाजही पुढे चुकले, पण निदान मोजून चुकले.

‘मग इतक्या पिढ्यांनी हे आडाखे का जपले?’ असे कुणी विचारील. जपले, कारण ते अर्धे खरे आहेत. वळवाची सर पडली, हवेत ओल आली, किडे वाढले की पक्ष्यांची लगबग वाढते. शेतकऱ्याला ती दिसते, आणि त्याच ओलीमागे बहुधा मृग येतो. पावशा तर चैत्रापासून ओरडत असतो. पेरणीच्या घाईत त्याचा आवाज कानावर पडतो इतकेच. खरी ठरलेली खूण लक्षात राहते, फसलेली राहत नाही. यात शेतकऱ्याचे अज्ञान शोधू नये. पावसावरच दोघांचे पोट, म्हणून तो पक्ष्याकडे पाहत होता; ज्याला दुसरा आधार नाही तो हाताशी असेल ते वाचतो.

आता पावसावरच पोट असण्याची ती अट पूर्वेच्या बऱ्याच भागात उरलेली नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी घाटमाथ्यावरचा पाऊस साठवून पूर्वेकडे, ऐन उन्हाळ्यात वाहता केला. उसाच्या फडात आता वर्षभर हिरवी पाती आणि आडोसा असतो, आणि त्यात वटवट्याचे घरटे सहज मावते. म्हणून वीण पुढेमागे सरकल्याचे दिसले की लगेच बदलत्या हवामानाकडे बोट दाखवणे मला घाईचे वाटते. हवामान बदलते आहे. पण कालव्याच्या पाण्यावरच्या नारायणगावच्या परिसरात त्याआधी पाण्याची वेळच बदलली. दोन्ही परिणाम वेगळे काढायचे तर तुलना आणे पठारासारख्या, कालव्याच्या पाण्यापासून लांब राहिलेल्या टापूशी करावी लागेल, आणि वटवट्याच्या पहिल्या अंड्याची तारीख दोन्हीकडे वर्षानुवर्षे टिपावी लागेल.