‘रिअल एल’ : वर्णन की मूल्य?

एखादी संज्ञा वस्तूचे वर्णन करते की तिची थोरवी सांगते, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. ‘काव्य’, ‘कला’, ‘साहित्य’ या संज्ञा वर्गवाचक आहेत की मूल्यवाचक, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. या दोन अर्थांची सरमिसळ झाली म्हणजे मूल्यमापनाच्या व्यवहारात काय घडते, याचे एक बोलके उदाहरण साहित्याबाहेर सापडते. इंग्लंडमधील गल्लोगल्लीच्या पबांचे गुणावगुण कसे ठरविले गेले, त्याचा हा इतिहास आहे. विषय क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. रुची, आस्वाद, चर्वणा हे आपले मूलभूत शब्द जिभेकडूनच आलेले आहेत, आणि रसप्रतीतीचे स्वरूप सांगताना मम्मटालाही पानकरसाचाच दृष्टान्त घ्यावासा वाटला.

‘पब’साठी मराठीत ‘गुत्ता’ म्हटले की अर्थ निसटतो. गुत्ता म्हणजे मक्ता. त्या शब्दात महसूल आहे, ठेकेदार आहे. ‘पब्लिक हाउस’ या नावात घर आहे, आणि त्याचे दार लोकांसाठी उघडे आहे. हे घर समाजात काय काम करते याचा पद्धतशीर शोध ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी १९३७ पासून बोल्टन या गिरण्यांच्या गावात घेतला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द पब अँड द पीपल’ या ग्रंथाचे लेखन प्रामुख्याने जॉन समरफील्ड या कादंबरीकाराने केले. राहते घर आणि कामाची जागा सोडली तर माणसे सर्वाधिक वेळ पबमध्ये घालवितात, असा त्या ग्रंथाचा निष्कर्ष होता. एक ग्लास किती वेळात रिकामा होतो, एका टोळक्यातली माणसे एकमेकांच्या बरोबरीने कशी पितात, हेही निरीक्षकांनी घड्याळ लावून टिपले. त्यांचा रोख वर्णनावर होता. निवाडा देण्याचे त्यांनी मनावर घेतले नव्हते.

निवाड्याचा पहिला संस्मरणीय प्रयत्न जॉर्ज ऑर्वेलचा. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याने ‘द मून अंडर वॉटर’ या आपल्या आवडत्या पबवर लेख लिहिला आणि उत्तरार्धात असा पब अस्तित्वातच नाही हे उघड केले. आदर्श पबचे दहा गुण त्याने कल्पिले. त्यांपैकी आठ असलेला एक पब त्याला ठाऊक होता. यात लक्षणीय आहे तो गुणांचा क्रम. पबची वाखाणणी करताना बिअरचे नाव आधी घ्यावे हे स्वाभाविक आहे, हे मान्य करूनही ऑर्वेल अग्रस्थान देतो ते वातावरणाला. मग रेडिओ नसलेली शांतता येते, गिऱ्हाइकांना ओळखणाऱ्या बायका येतात, माडीवरचे स्वस्त जेवण, मागची बाग, बागेतली मुले येतात. येथे पब ही एक अखंड संहिता आहे आणि पेय हा तिचा एक घटक. असा निकष समृद्ध असतो; अडचण एवढीच, की तो कोणत्याही प्रत्यक्ष कृतीला पुरता लागू पडत नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांत प्रत्यक्षच बदलले. मद्यनिर्मिती सहा बड्या कंपन्यांच्या हाती एकवटत गेली. हजारो पब त्यांच्याच मालकीचे असल्याने कोठे काय विकायचे हेही त्याच ठरवू लागल्या. त्यांना सोयीची होती ती ‘केग’ बिअर : गाळलेली, पाश्चरीकृत, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली भरलेली, न नासणारी. ‘वॉटनीज रेड बॅरल’ हे तिचे सर्वांत गाजलेले, आणि पुढे सर्वांत बदनाम, नाव. याविरुद्ध १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी एक संघटना स्थापन केली, तीही आयर्लंडमधील डनक्विन येथील एका पबमध्ये. इंग्रजी स्थानिकतेच्या रक्षणाचा संकल्प परमुलखात सोडला जावा, हा योग मौजेचा खरा. संघटनेच्या मूळ नावात एलच्या ‘पुनरुज्जीवना’चा उल्लेख होता. १९७३ साली तो जाऊन ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ हे नाव आले, आणि ‘कॅम्रा’ या आद्याक्षरनामाला नवा अर्थ मिळाला.

‘रिअल’ या विशेषणाची व्याख्या पाहण्याजोगी आहे. ज्या पिपातून बिअर वाढली जाते त्याच पिपात तिचे दुसरे किण्वन व्हावे, आणि वाढताना बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वापरू नये. या व्याख्येत चवीबद्दल अवाक्षर नाही. ती केवळ प्रक्रिया सांगते. तरीही ‘रिअल’ शब्द उच्चारताच उरलेले सारे खोटे ठरते. वर्गवाचक व्याख्येने मूल्यवाचक पोशाख चढविला तो येथे.

मात्र ही निव्वळ शाब्दिक चलाखी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिपातले यीस्ट जिवंत असते. तळघराचे तापमान, खुंटी सैल करण्याची वेळ, नळ्यांची स्वच्छता, पीप फोडल्यावर ते किती दिवसांत संपते, या सर्वांवर अंतिम चव अवलंबून असते. एकाच कारखान्याची एकच एल समोरासमोरच्या दोन पबांत वेगळी लागू शकते. मुद्रित पुस्तकाची प्रत कोठेही उघडली तरी तीच असते. केग बिअर त्या जातीची. रिअल एलचे नाते नाट्यप्रयोगाशी आहे. कारखान्यातून येते ती संहिता. तिचा प्रयोग रोज तळघरात लागतो, आणि कधीकधी पडतो. म्हणूनच या एलचा निवाडा हा अपरिहार्यपणे पबचालकाच्या कौशल्याचाही निवाडा होतो. वरवर संकुचित दिसणाऱ्या या निकषाचे बळ नेमके यात आहे, आणि संघटनेच्या टीकाकारांनी ते पुरेसे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

संघटनेच्या स्वतःच्या व्यवहारात मात्र दोन पद्धती शेजारीशेजारी नांदतात. वार्षिक ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ स्पर्धेत परीक्षकांना नाव न सांगता बिअर चाखायला देतात. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे झाकून कविता ठेवल्या (‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’, १९२९), त्याचीच ही आवृत्ती. उलट ‘गुड बिअर गाइड’साठी शाखांचे सभासद वर्षभर पबांत जातात, शून्य ते पाच या श्रेणीत गुण देतात आणि त्यांतून सुमारे ४५०० पब निवडले जातात. येथे वाचक हाच समीक्षक असतो. या गाइडच्या १९७४ च्या आवृत्तीत वॉटनीपासून प्लेगसारखे दूर राहण्याचा सल्ला होता. तो मागे घेऊन सौम्य शब्द घालावे लागले. सौम्य म्हणजे एवढेच, की रोगाचे नाव गेले आणि सल्ला राहिला.

अन्नाचा निकष दुसऱ्या वाटेने आला. १९५१ साली रेमंड पोस्टगेट या समाजवादी इतिहासकाराने वाचकांच्या अहवालांवर आधारलेली ‘गुड फूड गाइड’ काढली. तिचे लक्ष प्रामुख्याने भोजनगृहांवर होते. पबमध्ये खाणे म्हणजे पाव, चीज, लोणचे. ‘प्लाउमन्स लंच’ या नावाने ही थाळी प्राचीन कृषिजीवनाचा वारसा म्हणून मिरवते, पण त्या नावाचा प्रसार १९५० आणि १९६० च्या दशकांत चीजचा खप वाढविण्यासाठी झाला. १९८३ साली याच नावाचा, इअन मॅकइवनने लिहिलेला चित्रपट आला. बनावट भूतकाळाचे रूपक म्हणून त्याने ही थाळी वापरली. हॉब्सबॉम आणि रेंजर यांचा ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा ग्रंथही त्याच वर्षीचा. म्हणजे ‘खरे’पणाचा आग्रह पेयात कठोर झाला त्या काळात ताटातले खोटेपण बिनबोभाट खपत होते.

१९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन भागातील ‘द ईगल’ने ‘गॅस्ट्रोपब’ची वाट पाडली. २००१ साली टिटली येथील ‘द स्टॅग इन’ हा मिशेलिन तारा मिळविणारा पहिला ब्रिटिश पब ठरला. भोजनाची प्रत उंचावली, यात वाद नाही. पण जेवणाचे परीक्षण भोजनगृहाच्या मापाने होते, आणि त्या मापात टेबल राखून ठेवणारा पाहुणा असतो. अर्धा पाइंट घेऊन तासभर उभा राहणारा शेजारी नसतो. एलचा निकष निदान तळघरापर्यंत तरी नेत होता. ताटाचा निकष स्वयंपाकघरापाशी थांबतो आणि बैठकीची खोली त्याच्या नजरेतून सुटते.

दरम्यान नव्या छोट्या कारखान्यांनी केगमध्येच उत्तम बिअर भरायला प्रारंभ केला. चवीने चांगली, व्याख्येने खोटी! १९७१ मध्ये ‘रिअल’ आणि ‘चांगली’ हे शब्द एकमेकांच्या जागी बसत होते. ते आता सुटे झाले. सर्व प्रकारची बिअर पिणाऱ्यांचे आणि सर्व पबगामींचे प्रतिनिधित्व संघटनेने करावे, असा ठराव एप्रिल २०१८ मध्ये मतास आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक असलेले तीन चतुर्थांश मताधिक्य थोडक्यात हुकले. वर्षातला सर्वोत्तम पब निवडताना मात्र हीच संघटना बिअरच्या जोडीला वातावरण, स्वागत आणि वस्तीशी असलेले नाते यांनाही गुण देते. राहता राहिला ऑर्वेलचा पब. एका मोठ्या पबसाखळीने ‘द मून अंडर वॉटर’ हे नाव आपल्या अनेक शाखांना दिले आहे.