ट्रान्सफॉर्मर, पेटंट आणि नवे शब्दप्रामाण्य

ट्रान्सफॉर्मरमध्ये चुंबक बसवून 'घातली त्याच्या कित्येक पट वीज' मिळवल्याचे दावे मोबाईलवर सतत फिरत असतात. सोबत एक वाक्य ठरलेले असते: कंपन्यांनी हे सत्य दडपले. ज्यांचा इतिहास खरोखरच दडपला गेला, त्या आमच्या तरुणांना ही भाषा लवकर भावते. म्हणूनच या दाव्याचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

ऑगस्ट १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या घातल्या. एकीतला प्रवाह चालू-बंद केला की दुसरीत क्षणभर प्रवाह उमटे. लोहाराच्या घरात जन्मलेला, शाळा जेमतेम शिकलेला, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला हा माणूस ट्रान्सफॉर्मरचा पाया घालून गेला. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या झिपेरनोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघा अभियंत्यांनी त्याला व्यवहारात चालणारे रूप दिले.

ट्रान्सफॉर्मर करतो काय? दुसऱ्या गुंडाळीचे वेढे दहापट असतील तर दाब दहापट होतो, पण प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. दोघांचा गुणाकार वाढत नाही. उलट तारा तापतात, लोखंडी गाभा गुणगुणतो आणि थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मोठे ट्रान्सफॉर्मर ९९ टक्क्यांपर्यंत कार्यक्षम असतात. १०० टक्के कोणताच नाही. चुंबकाचेही तेच. तो इंधन नव्हे. प्रत्येक आवर्तनात जे देतो ते परत घेतो.

तरीही दावे थांबले नाहीत. मार्च २००२ मध्ये अमेरिकेत टॉम बेअर्डन आणि चार सहकाऱ्यांना अशाच एका यंत्राचे पेटंट मिळाले. गाभ्यात कायमचुंबक, भोवती गुंडाळ्या, हलणारा भाग एकही नाही. बेअर्डन निवृत्त लष्करी अधिकारी होते. पेटंट आणि हुद्दा, एवढ्यावर लोकांनी विश्वास ठेवला. पण पेटंट म्हणजे यंत्र चालल्याचा दाखला नव्हे. जोसेफ न्यूमन यांचे असेच एक यंत्र पेटंटच्या खटल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेले. १९८६ च्या तपासणीत प्रत्येक वेळी बाहेर आलेली ऊर्जा आत गेलेल्यापेक्षा कमीच भरली.

मग व्हिडिओतला आकडा जास्त कसा दिसतो? प्रत्यावर्ती प्रवाहात दाब आणि प्रवाह यांच्या लाटा मागेपुढे असू शकतात. हा फरक न धरता नुसता गुणाकार केला की कागदावर वीज 'वाढते'. खरी परीक्षा साधी आहे. बाहेर येणारी वीज पुन्हा आत जोडा आणि मूळ पुरवठा काढून टाका. पाचपट वीज येत असेल, तर यंत्र स्वतःच्या बळावर चालत राहिले पाहिजे. स्वतंत्र तपासणीत या परीक्षेला आजवर एकही यंत्र उतरलेले नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले, हे खरे. ते थोर गणिती होते, हेही खरे. पण ते चाक आपोआप फिरत नाही. नाव कितीही मोठे असो, निसर्ग त्याला सवलत देत नाही.

पोथीत लिहिले म्हणून खरे, हे आपण नाकारले. मग पेटंटात लिहिले म्हणून खरे, हे का मानायचे? शब्दप्रामाण्य संस्कृतात असो वा इंग्रजीत, ते शब्दप्रामाण्यच.

विजेचा प्रश्न बाबासाहेबांनी हाताळला तो असा नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज त्यांच्या खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. धरणे, वीजकेंद्रे, तज्ज्ञ, सार्वजनिक नियोजन, असा तो मार्ग होता. वस्तीत वीज परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. तिचे उत्तर दर, जोडणी आणि धोरण यांवरच्या लढ्यात आहे. जादूच्या डबीत आपला तरुण पैसे घालतो, तेव्हा त्याचा खिसा रिकामा होतो आणि लढाही मागे पडतो.

पुढचा व्हिडिओ आला की एवढेच विचारा: प्लग काढून दाखवता का?

जय भीम!