भाकीत आणि कबुली

भविष्य सांगणारांची जगात कधीच वाण नव्हती. आपले भविष्य चुकले असे सांगणारे मात्र प्रत्येक काळी दुर्मिळच. इतिहासाच्या अध्यापकास याचा प्रत्यय नित्य येतो. घटना घडून गेली म्हणजे ती घडणारच होती असे वाटू लागते, आणि तिच्यापूर्वी आपण काय बोललो होतो याची आठवण आपल्या सोयीप्रमाणे बदलत जाते. “आम्ही तर तेव्हाच म्हटले होते,” हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही उच्चारले नाही असा गृहस्थ आमच्या पाहण्यात नाही. प्रस्तुत लेखात क्रिकेटच्या इतिहासातील चुकलेल्या भाकितांचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यांत एक आमचे स्वतःचेही आहे. विषय खेळाचा म्हणून गंभीर वाचकांनी पान उलटू नये. राजकारणातील भाकिताचा निकाल लागण्यास पिढ्या जातात, खेळातला एका हंगामात लागतो. मनुष्यस्वभाव दोन्हीकडे एकच.

प्रथम एका उत्तम कबुलीची हकीकत सांगू. 1983 सालच्या विश्वचषक स्पर्धेपूर्वी भारतीय संघास कोणी हिशेबात धरीत नव्हते. आधीच्या दोन स्पर्धांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. इंग्लंडमधील एका क्रिकेट मासिकाचे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी या संघाच्या पात्रतेविषयी अत्यंत प्रतिकूल मत छापले. पुढे 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे: भारताच्या 183 धावा, वेस्ट इंडीजच्या 140. त्यानंतर अमेरिकेतील एका वाचकाने फ्रिथ यांस पत्र पाठवून, आता आपले शब्द आपण गिळावेत, असे सुचविले. फ्रिथ यांनी ते अक्षरशः केले. छापलेला मजकूर त्यांनी खरोखरच तोंडात घातला आणि त्याचे छायाचित्र आपल्याच मासिकात प्रसिद्ध केले. कोणी यास विनोद म्हणेल. परंतु ज्या पानांतून चूक केली त्याच पानांतून, त्याच नावाने आणि तितक्याच ठळकपणे ती कबूल करावयाची, हा या विनोदातला गंभीर भाग आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याकडचे आहे. सुनील गावसकर मुंबईकडून रणजी करंडकात प्रथम खेळले तेव्हा शून्यावर बाद झाले. त्यांचे मामा माधव मंत्री हे मुंबईच्या निवड समितीवर होते. तेवढ्यावरून, हा मुलगा मामाच्या पुण्याईने संघात आला, असे लोक बोलू लागले. पुढच्याच सामन्यात गावसकरांनी शतक काढले, आणि 1971 साली वेस्ट इंडीजमध्ये आपल्या पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा केल्या. त्यांस हिणविणारे पुष्कळ होते असे सर्वच सांगतात. परंतु त्यांपैकी कोणी आपले नाव पुढे करून “आमचे चुकले” असे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. टीकेला गर्दी असते. कबुलीला मनुष्य एकटा लागतो.

आता आमची गोष्ट. गोरेगाव म्हटले की वाचकांस मुंबईचे उपनगर आठवेल. आमचे गोरेगाव महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या मुलखातले. येथील आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत दरवर्षी एक निरुपद्रवी खेळ चालतो. रणजीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने देशातल्या सर्व संघांतून आपल्या पसंतीचे अकरा खेळाडू निवडावयाचे व एका वहीत त्यांची नावे लिहावयाची. मैदानावर ते जितक्या धावा काढतील, जितके बळी घेतील, तितके गुण आपले. पैशाचा संबंध नाही; हरणाऱ्याने चहा पाजावयाचा. नावांखाली एकदोन ओळींत अभिप्राय लिहिण्याचीही चाल आहे. मोबाइलवर लाखो लोक खेळतात तोच हा खेळ, फक्त आमच्याकडे वही आहे. आणि वहीतली शाई पुसता येत नाही, हेच पुढे आमच्या अंगावर आले.

2017 सालच्या शरद ऋतूत आम्ही वसीम जाफर यांच्याविषयी असे लिहिले: “वय झाले. या खेळाडूचा उपयोग आता मार्गदर्शनापुरता.” आमच्या मते हे विधान साधार होते. जाफर तेव्हा चाळिशीस टेकले होते. त्यांचा शेवटचा कसोटी सामना 2008 साली झाला होता. कारकिर्दीचा बहुतेक काळ मुंबईकडून खेळून 2015-16 मध्ये ते विदर्भाच्या संघात आले, आणि 2016-17 चा हंगाम दुखापतीमुळे त्यांस खेळताच आला नव्हता. अशा मनुष्यावर कोण गुण लावील?

त्या हंगामात जे घडले ते विदर्भात अद्यापि कोणी विसरलेले नाही. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळत होता, आणि साठ वर्षांत त्याने एकदाही करंडक जिंकला नव्हता. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक व फैझ फझल कर्णधार असलेला हा संघ उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध अवघ्या पाच धावांनी जिंकला. अंतिम सामना इंदूरला दिल्लीशी झाला. रजनीश गुरबानी यांनी लागोपाठ तीन बळी घेतले. अक्षय वाडकर या नवख्या यष्टिरक्षकाने 133 धावा काढल्या. जाफर यांनी 78. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, 1 जानेवारी 2018 रोजी, विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. पुढे मार्च महिन्यात नागपूरजवळ जामठा येथे शेष भारताच्या संघाविरुद्ध विदर्भाने सात बाद 800 धावा उभारल्या. त्यांत जाफर यांच्या 286 होत्या. तेव्हा त्यांस चाळीस वर्षे पुरी होऊन महिना झाला होता.

येथे कबुलीची वेळ आली होती. आम्ही ती टाळली. सहकाऱ्यांनी वही पुढे केली तेव्हा आम्ही म्हणालो, दिवा विझण्यापूर्वी ज्योत मोठी होते. म्हण जुनी आहे, आणि वादात म्हण टाकली म्हणजे पुरावा दिल्यासारखे वाटते. इतक्यावर न थांबता 2018 च्या हंगामासाठी आम्ही जाफर यांस पुन्हा वगळले. इतकेच नव्हे तर विजेत्या विदर्भाचा एकही खेळाडू घेतला नाही. एकदा झाले ते नशिबाने, असा आमचा सिद्धान्त.

विझणारा तो दिवा पुढला सारा हंगाम जळत राहिला. जाफर यांनी आपल्या जुन्या मुंबई संघाविरुद्ध 178 धावा काढल्या, उत्तराखंडाविरुद्ध 206, आणि हंगामात एकूण 1037. रणजीच्या एका हंगामात हजार धावा दुसऱ्यांदा करणारे ते पहिलेच फलंदाज. फेब्रुवारी 2019 मध्ये विदर्भाने नागपुरात सौराष्ट्रास 78 धावांनी हरवून करंडक आपल्याकडेच राखला.

त्याच आठवड्यात एक विद्यार्थी निबंधाची वही देण्यास आमच्या खोलीत आला. धान कापल्यावर रिकाम्या बांधीत टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलांपैकी तो एक. मेजावर आमची ती वही उघडी होती. ती त्याने वाचली आणि कोणताही खोचकपणा न दाखविता विचारले, “सर, तुमच्या अकरात आपल्या विदर्भाचा एकही माणूस कसा नाही?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. वयाचा मुद्दा त्याला सांगता आला असता. पण फझल किंवा गुरबानी यांचे वय कोठे झाले होते? संध्याकाळी घरी विचार करता करता लक्षात आले की आमची चूक जाफर यांच्या वयाविषयीची नव्हतीच. मुंबईने जो सोडला तो उतरलाच असला पाहिजे, नाही तर आमच्याकडे कशास येता, हा त्या ओळीमागचा खरा हिशेब होता. विदर्भाकडे येते ते दुसऱ्यांनी वापरून टाकलेलेच, अशी आमची मनोमन खात्री होती. मुंबई-पुण्याच्या लोकांनी असे म्हटले असते तर आम्ही चिडून चार पाने लिहिली असती. तेच मत आम्ही स्वतःविषयी बाळगले होते आणि त्यास अनुभव हे नाव दिले होते.

अधिक शरमेची गोष्ट ही की आम्ही इतिहास शिकवितो, आणि नेमका दाखला आमच्या दारातच होता. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 1895 साली नागपूरचा. 1926 मध्ये मुंबईत इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध अकरा षटकारांसह 153 धावा काढणारे आणि 1932 मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले तेच हे सी. के. त्यांनी 1945-46 च्या हंगामात होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध 200 धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. साठी उलटल्यावरही, 1956-57 मध्ये, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. चाळिशीनंतर फलंदाजी संपते असे लिहिणाऱ्याने निदान आपल्या गावाकडच्या माणसाचे चरित्र तरी आठवावयाचे होते.

अर्थात एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारण्यात शहाणपण नाही. चाळिशीच्या खेळाडूंपैकी बहुतेकांची नजर व पाय मंदावतात, हा नियम जाफर यांच्यामुळे खोटा ठरत नाही. चूक नियमात नव्हती. तो कोणास लावावयाचा हे न पाहण्यात होती. चाळिशीपर्यंत जो टिकून राहतो तो आधीच शेकडोंतून निवडला गेलेला असतो. शिवाय जाफर यांची फलंदाजी बळावर उभी नसून चेंडू शेवटपर्यंत पाहून मनगटाने तो वळविण्यावर उभी होती. असे कसब वयाबरोबर एकदम जात नाही. हे पाहण्यासाठी खेळाडूकडे पाहावे लागते. आम्ही त्याच्या जन्मतारखेकडे आणि पत्त्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही मागवून घेतली. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली तारीख घातली, भाकीत चुकल्याचे लिहिले, आणि का चुकले तेही लिहिले. नुसते “चुकलो” म्हणणे सोपे असते. त्यात थोडा मोठेपणाही पदरात पडतो. कोणत्या समजुतीमुळे चुकलो हे लिहिताना मात्र हात अडखळतो, कारण ती समजूत बहुधा त्या एका भाकितापुरती नसते. त्या विद्यार्थ्यास बोलावून आम्ही ते पान दाखविले. तो वाचून म्हणाला, “ठीक आहे सर,” आणि निबंधाचे गुण विचारून निघून गेला. सहकाऱ्यांस चहा मात्र आम्हांस दोनदा पाजावा लागला.

जाफर 2020 मध्ये निवृत्त झाले, ते रणजीत बारा हजार धावांचा टप्पा गाठणारे पहिले फलंदाज होऊन. 2024-25 च्या हंगामात विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक मिळविला. कर्णधार होते इंदूरला 133 धावा काढणारे तेच अक्षय वाडकर. त्या वर्षी आमच्या अकरात कोण कोण होते हे येथे सांगण्याचा मोह होतो. परंतु “आम्ही तर तेव्हाच म्हटले होते” या वाक्याने आरंभीच आम्ही वाचकांस सावध केले आहे. तेव्हा ते पान मिटलेलेच बरे.